रणजी मॅनेजर गेम बनवतोय: खऱ्या जगातलं काय घ्यायचं, काय सोडायचं?

चौथी_स्लिप

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस फावल्या वेळात एक क्रिकेट मॅनेजर गेम बनवतोय. बटणं दाबून बॅटिंग बॉलिंग करायची नाही, तर संघ निवडायचा, पोरं घडवायची, पैसे सांभाळायचे आणि सीझन काढायचा. फुटबॉल मॅनेजर खेळलेल्यांना अंदाज येईल, किंवा इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टनवर कॉलेजच्या रात्री घालवलेल्यांना. फरक इतकाच की मला आयपीएल नकोय, रणजी हवीय. एका राज्यात तीन संघ, मुंबई महाराष्ट्र विदर्भ, आणि तिघांची तऱ्हा वेगळी, यावरच गेम उभा राहील असं वाटतं.

मॅचचं इंजिन बऱ्यापैकी चालतंय. अडलोय ते मैदानाबाहेरच्या गोष्टींवर. पाऊस आणि दुखापती घेतल्यात. पण वयचोरी? फिक्सिंग? डोपिंग? वशिला? नोकरी सुटणं, दुष्काळ, निवडणुका, दिल्लीचा धूर, जात, धर्म, घरातलं आजारपण? मित्र म्हणतो सगळं टाक नाहीतर खोटं वाटेल. बायको म्हणते दिवसभर पेपर वाचून वैतागलेला माणूस रात्री तोच पेपर परत वाचायला गेम उघडणार नाही. मला दोघांचंही पटतं हाच प्रॉब्लेम आहे.

तुम्ही कुठे रेघ मारली असती? आणि का?

कांदेपोहे

पहिला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेगब्रेक

मस्त विषय. फुटबॉल मॅनेजरवाल्यांनी हे आधी करून बघितलंय. २०१७ च्या आवृत्तीत त्यांनी ब्रेक्झिट टाकलं होतं, सार्वमत होऊन काही महिनेच झाले होते आणि पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी काय केलं, तर वेगवेगळ्या शक्यता बनवल्या आणि तुमच्या सेव्हमध्ये कुठली लागेल ते नशिबावर सोडलं. कधी सौम्य, कधी असं की युरोपातल्या खेळाडूलाही वर्क परमिट लागणार. मी एक क्लब चालवत होतो, बातमी आली आणि माझी सगळी खरेदीची यादी पाण्यात.

त्यात राजकारण बरं की वाईट यावर गेम अवाक्षर बोलत नाही. नियम बदलला, आता तू काय करतोस बोल. माझ्या मते हीच चाळणी. जी गोष्ट मॅनेजरला निर्णय घ्यायला लावते ती आत, जिची नुसती बातमी होते ती बाहेर.

पुणेरी_पाटी

वशिला घालणार असाल तर तो इव्हेंट म्हणून घालू नये. गुरुत्वाकर्षण जसं सेटिंगमध्ये बंद करता येत नाही तसं ठेवावं.

कांदेपोहे

पाटी =))

राजेहो_नागपूर

भाऊ विदर्भ घेतला म्हणून पहिले थँक्यू. नाहीतर आमच्याकडे २०१७-१८ अन् २०१८-१९ अशा लागोपाठ दोन रणजी येईपर्यंत मुंबईवाल्यांच्या गेममध्ये आम्ही म्हणजे दोन पॉइंटची सोय होतो.

आता माझा इश्यू ऐका. बाहेरचे प्रोफेशनल. नियमाने राज्याच्या संघात तीन बाहेरचे घेता येतात. २०२४-२५ ला आम्ही परत जिंकलो तेव्हा करुण नायर आमच्याकडून खेळत होता, फायनलला केरळविरुद्ध दुसऱ्या डावात शतक ठोकलं, अन् पुढच्या सीझनला कर्नाटकात वापस. म्हणजे ट्रॉफी तर भेटली, पण त्या जागेवर एखादं यवतमाळचं पोरगं चार वर्ष वाट पाहत बसलं असंल तर त्याचं काय? आता ह्यात फिक्सिंग नाही, राजकारण नाही, सगळं नियमात आहे, तरीबी रात्री झोप येत नाही मॅनेजरला. असे इश्यू टाका राजेहो. पेपरात येत नाहीत ते.

चौथी_स्लिप

@राजेहो, हे झकास आहे. वहीत लिहून घेतलं.
@लेगब्रेक, चाळणी आवडली. पण मग दुष्काळाचं काय करू? २०१६ ला हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या, पुण्याचा संघ घरच्या मॅच खेळायला विशाखापट्टणमला गेला. कोचच्या हातात त्यात काय होतं? शून्य. तुझ्या चाळणीतून हे पडणार नाही.

लेगब्रेक

पडेल की. मॅच हलली ही बातमी. पण तू फिरकीसाठी पिच बनवून ठेवलंय, तीन स्पिनर घेतलेत, आणि आता समुद्राकाठच्या दमट हवेत अनोळखी मैदानावर खेळायचंय. संघ बदलतोस का? निर्णय आला.

पुणेरी_पाटी

पुण्याच्या नशिबात हे दोन्ही बाजूंनी आहे. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं निलंबित झाले म्हणून आम्हाला २०१६ आणि २०१७ पुरता भाड्याचा संघ मिळाला. त्यातल्या पहिल्या वर्षी पाणी नाही म्हणून तोही बाहेरगावी. मग २०१८ ला कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं तर चेन्नईच्या घरच्या मॅच पुण्यात. आमचं पाणी कमी पडलं तर आम्ही बाहेर, दुसऱ्याच्या पाण्याचं भांडण झालं तर ते आमच्याकडे. गहुंज्याचं स्टेडियम हे खरं तर जलसंपदा खात्याकडे द्यायला हवं.

आझाद_मैदान_६८

तरुण मंडळींचा उत्साह पाहून बरं वाटलं. मी मुंबईत बरीच वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, वरच्या दर्जाचा नव्हतो हे आधीच सांगतो, पण वरच्या दर्जाच्या लोकांच्या शेजारी ड्रेसिंग रूममध्ये बसलोय.

दोन गोष्टी. एक, पाऊस म्हणजे "मॅच रद्द" एवढंच ठेवलं असेल तर मुंबई कळलीच नाही असं होईल. कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळतात, पिच उघडं, गवत पोटरीपर्यंत, फटका मारला तर बॉल तिथेच चिखलात बसतो. तिथे ज्याने चाळीस केले त्याचे चाळीस वेगळे मोजायचे. तुमच्या गेममध्ये हा पोरगा आणि पाटा पिचवर शंभर करणारा पोरगा आकड्यात सारखे दिसले तर निवड समितीवाल्याचं काम काय उरलं?

दोन, नोकरी. आमच्या काळी क्रिकेटर म्हणजे बँकेत किंवा कंपनीत चिकटलेला माणूस. टाइम्स शिल्डला कंपनीसाठी खेळायचं, महिन्याला पगार, घरी आई निवांत. मग कंपन्यांनी एकेक करून संघ कमी केले, भरती थांबवली. रणजीच्या उंबरठ्यावरची चांगली चांगली मुलं मी पंचविशीत मैदान सोडताना पाहिलीत, ती काही फॉर्म गेला म्हणून नाही. तुमच्या गेममध्ये खेळाडू फक्त दुखापतीने आणि वयाने निवृत्त होत असतील तर ते क्रिकेट कुठल्या तरी श्रीमंत देशातलं आहे.

डेसिमल_ओव्हर

काकांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. २०२१ ला बोर्डाने रणजीची फी वाढवली, चाळीसच्या वर मॅच खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० वाल्याला ५० हजार, त्याखालच्याला ४० हजार. लीगच्या सात मॅच, चार दिवसांची एक, म्हणजे अठ्ठावीस दिवस, नवख्याचे ११ लाख २० हजार होतात. ऐकायला उत्तम. पण हे फक्त अकरात असलेल्याचं, राखीव असला तर निम्मं. आणि सोळाव्या नंबरच्या पोराला घरी बसून काहीच नाही. अकरा लाख आणि शून्य यांच्यात एका सिलेक्टरच्या सहीचं अंतर आहे. वशिला का चालतो हे वेगळं समजावायची गरजच नाही, गेमच्या अर्थव्यवस्थेतून आपोआप उगवेल.

आणि २०२०-२१ ला रणजी झालीच नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. असा एक सीझन गेममध्ये येऊ शकला पाहिजे. कुठल्याही सेव्हमध्ये, न सांगता.

कोल्हापूरी_यॉर्कर

कोण म्हणतंय घरी बसून काही नाही? टेनिस बॉल हाय की!
भावा आमच्याकडं आठवड्याला दोन तरी टुर्नामेंट, नगरसेवकाचा वाढदिवस, कुणाची जयंती, बक्षीस रोख, मॅन ऑफ द सिरीजला गाडी. रात्री लाईट लावून, यूट्यूबवर लाईव्ह, कॉमेंट्रीवाला घसा फोडून बोलतोय. आता तुझा फास्ट बॉलर सीझन बॉलच्या कॅम्पला यायचं सोडून तिकडं खांदा मोडून घेतोय. तू मॅनेजर हायस. सोडतोस त्याला? नाय सोडलास तर त्याच्या घरचा हप्ता तू भरणार का? हे टाक गेममध्ये, ब्रेक्झिट फिक्झिट राहू दे.

राजेहो_नागपूर

+१ यॉर्करभाऊ. हे तर खासच.

चौथी_स्लिप

यॉर्कर, हे मी शंभर टक्के घेणार. परवानगी दिली तर खेळाडू खूश पण दुखापतीचा धोका, नाही दिली तर तो दोन महिने तोंड फुगवून, आणि काही पोरं न सांगता जाऊन येणार, ते तुम्हाला यूट्यूबवरून कळणार :ड

सिलीपॉइंट

आता जरा काटेरी विषयाकडे येऊ का? फिक्सिंग.
माझं मत, नको. कारण एकदा का गेममध्ये "हा खेळाडू विकला गेलाय" अशी शक्यता आली की खरी नावं वापरताच येणार नाहीत. उद्या तुझ्या गेमने एखाद्या खऱ्या रणजीपटूला सट्टेबाजाकडून पैसे घेताना दाखवलं, त्याचा स्क्रीनशॉट फिरला, की बदनामीचा दावा तुझ्या दारात. फुटबॉल मॅनेजरने २०१८ च्या आवृत्तीत खेळाडू समलिंगी असल्याचं जाहीर करू शकतो असं ठेवलं होतं, पण फक्त गेमने जन्माला घातलेल्या काल्पनिक खेळाडूंसाठी. खऱ्या माणसाच्या तोंडी असलं काही घालायचं नाही हे शहाणपण.

डेसिमल_ओव्हर

खरी नावं तशीही मिळणार नाहीत. लायसन्सला पैसे आहेत का त्याच्याकडे? क्रिकेट ०७ एवढ्या मोठ्या कंपनीचा, तिथेही इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया सोडून बाकीच्या संघांची नावं मोडूनतोडून होती. आपण पहिल्या दिवशी बसून सगळी दुरुस्त करायचो.

कांदेपोहे

ते नावं दुरुस्त करणं हाच माझा आवडता गेमप्ले होता.

लेगब्रेक

सिली, काल्पनिक खेळाडू म्हटलं की तुझा आक्षेप संपला ना? मग फिक्सिंग घेताच येतं, आणि त्यात फार सुंदर निर्णय आहे. पैसे घेतले की नाही हा नाही. नियमाप्रमाणे, कुणी संपर्क केला आणि तुम्ही ते कळवलं नाही, तर तोसुद्धा गुन्हा. शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये बंदी आली ती संपर्क झाल्याचं न कळवल्याबद्दल, दोन वर्षं, त्यातलं एक स्थगित. फिक्सिंग केल्याचा आरोप नव्हताच.

आता बघ. तुझा एकोणीस वर्षांचा पोरगा तुला येऊन सांगतो की एका ओळखीच्याने जेवायला बोलावलं आणि विचारत होता की उद्या कोण खेळणार. सेमीफायनल आहे. कळवलंस तर चौकशी, पोराचा फोन जप्त, त्याचं लक्ष उडणार. नाही कळवलंस तर काहीच होणार नाही, बहुतेक. आणि मग तीन सीझननंतर तो माणूस पकडला जातो आणि त्याच्या फोनमध्ये तुझ्या पोराचा नंबर सापडतो. मी तर हा एकटा इव्हेंट खेळायला गेम विकत घेईन.

सिलीपॉइंट

ठीक आहे, हे पटलं. पण खेळणाऱ्याला स्वतःला पैसे खाऊन मॅच हरायचा पर्याय देऊ नकोस.

पुणेरी_पाटी

का? काही जणांच्या कोचिंगला तेवढंच समर्थनीय कारण मिळेल.

सोनचाफा

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. मी जिल्हा पातळीवर स्कोअरिंग करते. दोन मुद्दे मांडते, थोडं लांब होईल.

वयचोरी. सगळ्यांनी नुसता शब्द उच्चारला आणि पुढे गेलात. अहो हा तर या गेमचा कणा व्हायला हवा, कारण तुमचा सगळा खेळ "हा मुलगा किती वाढेल" या अंदाजावर आहे आणि तो अंदाज वयावर आहे. बोर्ड सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांची चाचणी करतं, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून. २०२० मध्ये त्यांनी योजना आणली होती, स्वतःहून खरं वय सांगितलं तर माफ, लपवून पकडला गेलात तर दोन वर्षं बाहेर. यात दोषी कोण हे बघा ना, दाखला तयार करतात ते बहुतेक वेळा मोठी माणसं, आणि बंदी येते ती मुलावर. सोळाच्या खालच्यांच्या मॅचला मिशी फुटलेला ओपनर बॅटिंगला येतो तेव्हा समोरच्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचे आईवडील सीमारेषेवर काय बोलतात ते मी स्कोअरच्या टेबलवर बसून ऐकलंय, इथे लिहू शकत नाही.

तर गेममध्ये खेळाडूच्या नावापुढे वय लिहिलेलं असावं आणि ते चुकीचं असू शकावं. बास. कुठलाही इव्हेंट नको, सूचना नको. तुमचा सतरा वर्षांचा चमत्कार वीस वर्षांचा झाला तरी तसाच राहिला की तुमचं तुम्हाला कळेल.

दुसरं, बायकांचं क्रिकेट तुमच्या यादीत कुठेच नाही. दिल्लीचा धूर आहे, बायका नाहीत.

कांदेपोहे

सोनचाफा तै _/\_

चौथी_स्लिप

वयाची आयडिया जबरदस्त आहे, यासाठी सगळं खेळाडू वाढीचं गणित परत लिहावं लागेल पण लिहितो. महिला क्रिकेट दुसऱ्या आवृत्तीत घ्यायचा विचार होता, आधी एक नीट जमू दे म्हणून.

सोनचाफा

हो, ते "आधी एक नीट जमू दे" आम्ही मैदानाच्या वेळापत्रकापासून ऐकतोय :) फुटबॉल मॅनेजरनेही २०२१ ला जाहीर केलं, मग पंचवीसच्या आवृत्तीत येणार म्हणाले, ती आवृत्तीच रद्द झाली, शेवटी सव्वीसच्या आवृत्तीत आलं. तुम्ही एकटे आहात, समजू शकते. पण तुमच्याच प्रश्नाचं उत्तर तिथे जास्त आहे हो. बिस्मा मारूफ २०२२ चा वर्ल्ड कप खेळायला काही महिन्यांची मुलगी घेऊन गेली होती, पाकिस्तान बोर्डाने त्याच्या आदल्या वर्षी बाळंतपणाच्या रजेचं धोरण आणलं म्हणून ते जमलं. तुमच्या संघाची कॅप्टन परत येणार आहे, सोबत सांभाळणारं माणूस पाठवायचं तर दौऱ्याचं बजेट वाढतं. की मॅनेजर म्हणून तुम्ही हळूच नवी कॅप्टन बघाल? आणि जिल्ह्याच्या मैदानाला बायकांचं टॉयलेट आहे का, हा मैदानाच्या माहितीतला एक साधा रकाना असू शकतो. नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. मग चाळीसाव्या ओव्हरला पायात गोळे का आले याचं कारण तुमच्या इंजिनला कळेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला ना आपण, तेव्हा स्टेटस सगळ्यांनी ठेवले होते.

आझाद_मैदान_६८

पाणी न पिण्याचा मुद्दा माझ्या आयुष्यात कधी डोक्यात आला नव्हता. धन्यवाद ताई.

जुनी_पाने

वाचक होतो, आता राहवत नाही. जात हा शब्द मूळ धाग्यात आहे आणि इतक्या प्रतिसादांत कुणी त्याला हात लावलेला नाही. हेही एक सिम्युलेशनच म्हणायचं.

ऐतिहासिक मोड बनवणार असाल तर पालवणकर बाळूंपासून सुरू करा. पुण्यात आधी पारशी आणि मग गोऱ्यांच्या क्लबात पिचची देखभाल करणारा चर्मकार समाजातला मुलगा, नेट्समध्ये साहेबांना बॉलिंग टाकून टाकून देशातला सर्वोत्तम डावखुरा स्पिनर झाला. पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं म्हणून संघात घेतलं. मैदानात बॉलला हात लागलेला चालायचा, चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट घेतल्या, बाकी संघ धडपडत असताना. आणि हिंदू संघाचं कप्तानपद? मिळालं नाही. १९२० ला त्यावरून पालवणकर बंधूंनी बाहेर राहायचा पवित्रा घेतला तेव्हा बाळूंना उपकप्तान केलं. धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये कप्तान केलं आणि संघ जिंकला.

आता तुमच्या गेममध्ये हे कसं येईल?

सिलीपॉइंट

आदर ठेवून म्हणतो, हे गेममध्ये आणू नये. पटकन चूक होते आणि मग त्या माणसाच्या अपमानाचा टाइमपास होतो. खेळाडूच्या माहितीत वेग, फिरकी, फिटनेस यांच्या खाली "जात" असा रकाना? मला विचारानेच कसंतरी होतंय.

लेगब्रेक

रकाना खेळाडूला नको, कमिटीला दे. सोवळेपणा हा कमिटीचा गुण. खेळाडू आहे तसाच चांगला आहे, कमिटी किती आंधळी ते आकड्यात.
आणि निर्णय मस्त आहे, तू कप्तान आहेस, चहाला त्यांना आत बोलावतोस का? बोलावलंस तर देणगीदार नाराज, पैसे कमी.

जुनी_पाने

लेगब्रेक, इथेच तुमची चाळणी फाटते. तुम्ही खेळणाऱ्याला कप्तानाच्या जागी बसवलंत. तो एक बटण दाबणार, बाळूंना आत बोलावणार, थोडे पैसे जाणार आणि त्याला स्वतःबद्दल छान वाटणार. १९०५ सालचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. झालं, पुढची मॅच.

उलट करा. खेळणारा बाळू असू दे. विकेट घ्या, घेत राहा, प्रत्येक सीझनला सगळ्यात जास्त. कप्तानपदाचा आकडा हलणारच नाही. चहा बाहेरच. निर्णय काही नाही, कारण त्यांच्या हातात तो नव्हताच. जे हातात होतं ते एवढंच, खेळायचं की सोडायचं.

डेसिमल_ओव्हर

मग लोक बग रिपोर्ट टाकतील. "सर्वाधिक विकेट असूनही कॅप्टन होता येत नाही, कृपया दुरुस्त करा."

जुनी_पाने

टाकू देत. त्या बग रिपोर्टसाठीच हा मोड बनवावा.

राजेहो_नागपूर

च्यायला. हे भारी झालं.

पुणेरी_पाटी

(आज विनोद नाही.)

सिलीपॉइंट

@जुनी_पाने, तुमच्या बाजूने मांडलेलं जास्त प्रामाणिक आहे हे मान्य. तरी भीती राहतेच की दहातले आठ जण कंटाळून मोड बंद करतील आणि दोघं कॉमेंटमध्ये नको ते लिहितील. आणि पुढे चौरंगी पंचरंगी सामने म्हणजे धर्मावर संघ, हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन, मग "बाकीचे". १९४६ ला बंद पडले ते. आज कुणी त्यातला एक संघ घेऊन दुसऱ्याला हरवल्याचे स्क्रीनशॉट कुठे कुठे टाकेल याचा विचार केलाय का? १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधींना विचारायला गेले होते, खेळावं का म्हणून, आणि त्यांनी असे धर्मावारी सामने नकोत म्हणून सांगितलं. तेव्हा तरी विचारायला कुणी होतं.

आझाद_मैदान_६८

त्या सामन्यांना ब्रेबॉर्न भरायचं असं वडील सांगायचे. आणि दुसऱ्या धर्माच्या बॉलरचं कौतुकही लोक करायचे म्हणे. दोन्ही खरं असेल.

अमेरिकन_आंबा

इकडून लिहितोय, रात्रीचे दोन वाजलेत. एक वेगळाच मुद्दा. घरातलं दुःख. कोहली अठरा वर्षांचा असताना दिल्लीकडून कर्नाटकविरुद्ध रणजी खेळत होता, रात्री वडील गेले, सकाळी येऊन ९० केले. सचिन १९९९ ला वडिलांचे अंत्यसंस्कार करून परत इंग्लंडला गेला आणि केनियाविरुद्ध शतक. सिराज २०२० ला ऑस्ट्रेलियात विलगीकरणात असताना वडील गेले, तो थांबला, आणि पुढे ब्रिस्बेनला पाच विकेट. तिन्ही आपल्याला तोंडपाठ आहेत कारण तिघांचंही पुढे चांगलं झालं.

गेममध्ये हा इव्हेंट आला तर माझी एकच विनंती, "संघासोबत थांबला: मनोबल +१०" असलं काही करू नका. जो घरी गेला त्याचं काही कमी होता कामा नये आणि जो थांबला त्याला काही बक्षीस नको. नाहीतर तुम्ही लोकांना शिकवाल की बाप गेला तरी पोराला मॅचला उभं करणं फायद्याचं असतं. कोहली स्वतः २०२० ला पहिल्या मुलीच्या वेळी ॲडलेडनंतर परत आला, तेव्हा इथल्याच किती जणांनी नावं ठेवली होती. रहाणेने मग काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे.

कोल्हापूरी_यॉर्कर

३६ ऑल आउट, कॅप्टन घरी, निम्मा संघ जखमी आणि मालिका जिंकली. हे कुणी गेममध्ये लिहून दिलं असतं तर म्हणलो असतो काय पण फेकतोय.

सोनचाफा

आंबा, अगदी. आणि मृत्यूच मैदानावर नको. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे होते. फिल ह्यूज २०१४. डोक्याला बॉल लागला तर बदली खेळाडूचा नियम आता २०१९ पासून आहे, तेवढा घ्या. डॉक्टर म्हणतोय खेळू नको, खेळाडू म्हणतोय मी ठीक आहे, मॅच हातात आहे, एवढं पुरे.

डेसिमल_ओव्हर

डॉक्टर म्हटलं म्हणून, डोपिंगही तसंच घ्या. पृथ्वी शॉवर २०१९ ला आठ महिन्यांची बंदी आली ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालीनमुळे. म्हणजे मॅनेजरचा निर्णय "उत्तेजक देऊ का" असा नसतोच, "संघासोबत डॉक्टर ठेवायला पैसे आहेत का, की पोरं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणतील" असा असतो.

कांदेपोहे

स्पॉन्सर राहिले! गुटखा, सट्टा ॲप, बिल्डर. १९९६ चा वर्ल्ड कप सिगारेटच्या नावाने झाला होता. ऑगस्ट २०२५ ला पैशांच्या ऑनलाइन गेमांवर बंदीचा कायदा आला तर भारताच्या जर्सीवरचं नाव गेलं. सीझनच्या मध्यात असा कायदा आला की तुमच्या संघाचे पैसे बंद, असं ठेवा. बघू कोण कसा चालवतो.

चौथी_स्लिप

बाबांनो, दोन दिवस वाचतोय आणि वही भरली. आत्तापुरतं हे ठरवलंय.

खेळाडू सगळे काल्पनिक, संघ आणि मैदानं खरी. वय चुकीचं असू शकेल, गेम कधीच सांगणार नाही. नोकरी, टेनिस बॉल, बाहेरचे प्रोफेशनल, पावसाळी धावांचं वेगळं वजन हे पहिल्या आवृत्तीत नक्की. फिक्सिंगमध्ये फक्त "कळवायचं की नाही", तो तीन सीझननंतरचा फोन मी अक्षरशः लेगब्रेकने लिहिलाय तसाच घेणार. मैदानाला टॉयलेटचा रकाना आजच टाकला, त्यावरून महिला संघाचं काम सुरू झालं असं समजा, तारीख विचारू नका. दुःखाच्या प्रसंगी आकडे हलणार नाहीत. मैदानावर मृत्यू नाही. धर्मावारी संघ मी घेत नाहीये, सिलीचं पटलं.

धूर घेणार. २०१७ ला दिल्लीत श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून उभे होते ते आठवतं सगळ्यांना, पण त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत ठेवलेली बंगाल-गुजरात रणजी धुरामुळे तिथे होऊच शकली नाही, ते कुणाला आठवत नाही. रणजीचं असंच.

बाळूंचा मोड करायचाय. पण धर्मावारी संघ न घेता तो कसा करायचा हे कळत नाहीये. त्यांचं सगळं क्रिकेट हिंदू संघातलंच आहे.

जुनी_पाने

मग दोन्हीपैकी एक ठरवावं लागेल. इंग्लंड दौरा तेवढा घेतलात तर एकत्र भारतीय संघ मिळेल, पण कप्तान पतियाळाचे महाराज, म्हणजे प्रश्न वेगळाच होतो. चहाचा प्रसंग पुण्यातला आहे.

सिलीपॉइंट

फक्त पुण्याचा क्लब ठेव. १९०० च्या आसपासचं पुणे, एक मैदान, हिंदू क्लब विरुद्ध गोऱ्यांचा जिमखाना. मुस्लिम पारशी संघ येतच नाहीत, स्क्रीनशॉटवाल्यांना काही मिळणार नाही. मी टेस्टिंग करून देतो.

जुनी_पाने

चालेल. पण तुम्ही बाळू म्हणून खेळायचं, कप्तान म्हणून नाही.

सिलीपॉइंट

कबूल.

कोल्हापूरी_यॉर्कर

सगळं झालं, कोल्हापूरचा संघ कुठं हाय ह्यात? महाराष्ट्राच्या संघात आमची किती पोरं घेणार ते आधी सांग.

पुणेरी_पाटी

पहिला वशिला आला. इंजिन चालतंय.